तुदाचा रंग

वाळवंटाच्या काठावरच्या झागोरा गावात माझं फोटोचं दुकान आहे. भूगोलाचे निवृत्त मास्तर इद्दर दुर्बिणीला जोडायला कॅमेरा घ्यायला आले, तेव्हा मी म्हटलं, "उस्ताद, एकच घेणार असाल तर साधा घ्या. ताऱ्यांसाठीच्या या कॅमेऱ्यात लाल अडवणारी काच नसते. आकाशातले तेजोमेघ झकास येतील, पण दिवसा माणसं लालभडक."

"माणसं रोज दिसतातच की," म्हणाले आणि ताऱ्यांचाच घेऊन गेले. गिऱ्हाइकाने माझं ऐकल्याची नोंद नाही.

त्यांची बायको तुदा शेजारणींना फोटो दाखवायची. "बघा, ह्यांनी माझा टोमॅटो केलाय. त्या ढगाला मात्र कसं नटवलंय."

चार वर्षांनी, या हिवाळ्यात, तुदा न्यूमोनियाने गेली. आठवड्याभराने उस्ताद तिचे फोटो घेऊन आले. लग्नातले काळेपांढरे, मधल्या वर्षांत काढलेच नव्हते, बाकी सगळे या कॅमेऱ्यातले लाल.

"हिचा रंग परत आण."

मी कॉम्प्युटरवर लाल उतरवला, थोडा पिवळा चढवला.

"ही नव्हे. जरा सावळी होती."

सावळी केली.

"एवढी नाही रे."

दुपार त्यातच गेली. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "तू तर तिला रोज दुकानासमोरून पाव नेताना बघायचास. कशी होती?"

मला पावाचा रंग तेवढा आठवला.