धारोष्ण दुधाचा ताप

आमच्या घरात दुखणं आलं ते प्रकृती सुधारण्याच्या नादात. हे नाशिकच्या एका शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवायचे. अंगाने काडी, पण प्रकृतीविषयीची मतं मात्र पैलवानाची. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. खादीच्या टोपीबरोबर शेळीच्या दुधालाही तेव्हा मान आला होता. टोपी यांनी आधीच घेतली होती. मग एका रविवारी संगमनेरकडची एक पांढरी शेळी घेऊन आले, ती मागच्या अंगणात पेरूला बांधली आणि मला म्हणाले, "आता चहा बंद." मी नुकतीच लग्न होऊन आले होते, पण चहा सोडण्याइतकी नवी नव्हते.

रोज सकाळी हे स्वतः धार काढायचे आणि तिथेच उभं राहून तांब्या तोंडाला लावायचे. दूध तापवलं की त्यातलं सत्त्व जातं, असं त्यांचं ठाम मत होतं. "धारोष्ण," असं डोळे मिटून म्हणायचे आणि मिशीचा फेस पुसायचे. मला तो वासच सहन व्हायचा नाही. माझ्या वाटणीचं दूध मी चहात घालून खळखळ उकळायचे, आणि याला हे दुधाची हत्या म्हणायचे.

पावसाळा सरता सरता यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी अंग तापायचं, कंबर धरायची, सकाळी सदरा पिळून घ्यावा इतका घाम. काही दिवसांनी ताप आपोआप निघून जायचा, हे टोपी घालून शाळेत जायचे, आणि पुन्हा ताप हजर. गल्लीतल्या डॉक्टरांनी हिवताप ठरवून कोयनेल दिलं. त्याने कान वाजायला लागले, ताप काही हलला नाही. दुधावर राहायला सांगितलं तेव्हा तर यांना आनंदच झाला.

दिवाळीनंतर एकदा नदीवरून घरी येताना चढावर हे मध्येच थांबले. छातीवर हात ठेवून भिंतीला टेकले. काहीतरी सांगत होते, ते अर्धंच राहिलं. आमच्या यांचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचलं नाही, असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

देवळालीला छावणीजवळ एक निवृत्त लष्करी डॉक्टर राहत. परमुलखात गोऱ्या शिपायांची नाना दुखणी त्यांनी पाहिली होती. टांगा करून मी यांना तिकडे नेलं. डॉक्टरांचं मराठी पलटणीतलं, निम्मं हिंदी. तापाची हकीकत ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मास्तर, घर में बकरी है क्या?"

"आहे. संगमनेरी," हे अभिमानाने म्हणाले.

डॉक्टर नुसते "हां" म्हणाले आणि नळी लावून बराच वेळ छाती ऐकत राहिले. मग त्यांनी समजावलं. काही शेळ्यांच्या अंगात एक जंतू असतो. शेळी ठणठणीत दिसते, पण दुधावाटे तो माणसात उतरतो. ताप लाटेसारखा येतो, जातो, परत येतो. क्वचित एखाद्याच्या हृदयालाच धरतो. यांच्या हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज आली होती. "बाई, ऐका," म्हणत त्यांनी नळ्या माझ्या कानात दिल्या. आत कुणीतरी नवी कोरी वहाण घालून फेऱ्या मारत असावं तशी करकर चालली होती. इतके दिवस ज्याच्याशी मी नुसती वाद घालत होते, त्या माणसाचं काळीज मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते असं ऐकलं. मला रडू आलं.

"या पिशवीत पाणी भरलं तर हृदयाला हलायला जागा राहणार नाही," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "दवा नाही याच्यावर. आराम पाहिजे. चिडू द्यायचं नाही. और दूध गरम. बिलकुल गरम." रक्त मुंबईला तपासायला पाठवतो म्हणाले.

घरी येऊन यांनी त्या 'गरम'चा अर्थ लावायला घेतला. "गरम म्हणजे उष्ण. आणि धारोष्ण म्हणजे? धारेचीच ऊब असलेलं. डॉक्टरांनी माझंच म्हणणं सांगितलं."

"अहो, त्या शेळीनेच ताप आणला म्हणतायत ते. मी उकळून देते."

"गार, शिळ्या दुधात जंतू होतात. ताज्यात कुठून येणार? आणि 'उकळा' म्हणाले का ते? शब्द कोणता होता?"

शब्द गरमच होता. मी भांडले, पण भांडता भांडता यांना धाप लागली, ओठ काळसर दिसायला लागले, आणि चिडू द्यायचं नाही हेही डॉक्टरांचंच फर्मान होतं. तेव्हा व्याकरणाचा विजय झाला. मी धार काढून ऊन तांब्या अंथरुणाशी नेऊन द्यायला लागले. ताप पुन्हा चढला.

एके दिवशी सकाळी डॉक्टर स्वतःच टांग्याने आले. रक्तात तोच ताप निघाला होता. मी अंगणातून तांब्या घेऊन येत होते.

"गरम?" त्यांनी विचारलं.

"गरम," हे आतून म्हणाले.

डॉक्टरांनी तांब्याला हात लावला, चुलीकडे पाहिलं. चूल अजून पेटलीही नव्हती. "किसने गरम किया?"

"शेळीने," मी म्हणाले.

ते खाटेवर बसून पोट धरून हसले. मग 'गरम'चा यांनी लावलेला अर्थ माझ्याकडून ऐकून, हसू पुसून यांच्याकडे वळले. "उबालो, मास्तर. चुलीवर, वर येईपर्यंत. नाहीतर तुम्ही या व्याकरणाने मरणार."

मरणार हा शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. हे एकदम लहान दिसायला लागले. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्हाला कसा ताप नाही?" मी चहा कसा करते ते सांगितलं. "पीते रहो," ते म्हणाले. त्या दिवशी मी यांना बजावलं की बरे होईपर्यंत दुधावर एक अक्षर बोलायचं नाही. यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उकळलेलं दूध एरंडेल प्यावं तसं पिऊन टाकलं. शेळी राहिली. धार काढली की मात्र साबणाने हात धुवायचे, असा घरात नियम झाला.

हिवाळाभर हे पडून होते. ताप आला की मी त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसायचे. हळूहळू तापाच्या पाळ्यांतलं अंतर वाढलं, मग तो यायचाच थांबला. रंगपंचमी झाल्यावर डॉक्टरांनी छाती ऐकली, नळी गुंडाळली आणि म्हणाले, "आवाज गेला. आता चालून बघा."

त्याच संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो. परत येताना चढाच्या पायथ्याशी यांनी मला कुठलासा समास सोडवून दाखवायला सुरुवात केली. मी एक पाऊल मागे राहून चालत होते. दिवाळीनंतर ज्या भिंतीला टेकले होते ती मागे पडली. हे बोलतच होते. उदाहरणं आली, अपवाद आले, अपवादांचेही अपवाद आले, आणि चढ संपला तेव्हा यांचं वाक्य संपलं. हे मागे वळले.

"समजलं का?"

त्यातला एक शब्दही माझ्या कानात शिरला नव्हता.

"नाही," मी म्हणाले, "पुन्हा सांगा."