पूजेला बसलेलं हायड्रोजनचं यंत्र

देवासला माझं ट्रकांचे डिझेल पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. उभी हयात त्यात गेल्यामुळे हाताला जो वास चिकटलाय तो कुठल्याच साबणाने जात नाही. मी देवळात पाऊल टाकलं की देवाला आधी वासच येतो, असं बायको म्हणते. आणि अशा माणसाच्या पोटी डिझेल बंद करायला निघालेली मुलगी जन्माला आली.

तिने पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी दमून बसलो होतो. पाण्यात वीज सोडायची, हायड्रोजन सुटतो. तो वापरून मोटर फिरवली की परत पाणीच तयार होतं. धूर नाही, काजळी नाही.

"मग माझं काय होणार गं?" मी विचारलं.

"टेन्शन मत लो बाबा. अजून बरीच वर्षं ट्रक धूर सोडतील."

दिलासा म्हणून वाक्य चांगलं होतं. बापाने छाती फुगवून चारचौघांत सांगावं असं मात्र नव्हतं.

कॉलेजात तिने एक यंत्र केलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं. वर पाण्याची पारदर्शक टाकी, आत एक पातळ पडदा, आणि हायड्रोजन तयार झाला की फिरणारा एक चिमुकला पंखा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवासमध्येच एका कंपनीच्या मुलाखतीला हे यंत्र घेऊन जायचं होतं. पंखा फिरला तर नोकरी, एवढं सरळ गणित होतं. निदान आम्ही तरी तसं धरून बसलो होतो.

त्यातच धारहून वहिनींचा फोन आला. आमचं घराणं मराठा सरदारांच्या दरबाराबरोबर इकडे आलेल्या कारागिरांचं. खंडेनवमीला सगळ्या घराची हत्यारं धारच्या घरी एकत्र पूजायची, हा नेम. दादा गेल्यापासून पूजा वहिनीच करतात.

"भाऊजी, तुमचे पाने आणालच. पण पोरीचं हत्यार कुठाय? तिचंही आणा. मुलाखत आहे ना तिची?"

नेलं. दरवर्षी पान्यांचं पोतं गाडीत टाकून इंदूरच्या गर्दीतून धारला न्यायचं, त्याला हळदकुंकू लावायचं आणि तसंच परत आणायचं, यात माझी कंबर जाते. हे यंत्र तर मुलगी मांडीवर घेऊन बसली होती, तान्ह्या बाळासारखं.

वहिनींनी पाटावर झेंडूची फुलं मांडली. माझ्या पान्यांशेजारी ते चकचकीत यंत्र ठेवलं तेव्हा मलाच माझे पाने जरा मळके वाटले.

"रिकामं आहे गं हे," वहिनी म्हणाल्या.

"प्रवासात सांडू नये म्हणून पाणी काढलंय, काकू. त्याला एकदम शुद्ध पाणीच लागतं. इकडचं तिकडचं बिलकुल नहीं चलता."

वहिनींनी मान डोलावली. पूजा झाली. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही, म्हणून त्या खोलीकडे आम्ही कोणी फिरकलोही नाही.

दसऱ्याला मुलगी यंत्र उचलायला गेली आणि तिथेच थांबली. टाकी काठोकाठ भरलेली. वर तुळशीचं पान तरंगत होतं.

"काकू, ये पानी किसने डाला?"

"मीच घातलं, हात न लावता वरूनच, सगळे जेवायला बसल्यावर. पूजेला रिकामं भांडं ठेवतात का? आणि अगदी शुद्ध घातलंय हो. खलघाटाहून आणलेलं नर्मदेचं, देवघरातल्या सीलबंद लोट्यातलं."

इंजिन गेलं म्हटल्यावर ट्रकवाल्याचा होतो, तसा मुलीचा चेहरा झाला. पण ती वाकली आणि काकूच्या पाया पडली.

गाडीत तिने यंत्र परत मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "शुद्ध म्हणजे ज्यात पाण्याशिवाय काहीच नाही असं, बाबा. नदीच्या पाण्यात क्षार असतातच. तो पडदा ते शोषून घेतो आणि बाद होतो. रात्रभर बसलंय ते त्यात." आणि थोड्या वेळाने, "काकूला सांगू नका हं."

देवासला पोचल्या पोचल्या तिने यंत्र डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, बॅटरी जोडली. चार बुडबुडे आले. पंखा ढिम्म.

"मी नोझलला मारतो तशी हवा मारून बघू का?"

"बाबा, हात मत लगाना, प्लीज."

"तुम्ही बसा," बायको म्हणाली. "तुम्ही बसलात की बऱ्याच गोष्टी सुधारतात."

नवा पडदा मागवायचा तर आठवडा गेला असता. मुलीने यंत्र पिशवीत घातलं. "तसंच नेते," म्हणाली.

सकाळी तिला सोडून मी कंपनीच्या फाटकासमोरच्या टपरीवर बसलो. "किसका इंतजार है, भिया?" चहावाल्याने तिसऱ्या कपाला विचारलं. "बिटिया का," म्हटलं. त्याने पैसे न घेता चौथा कप दिला. माझं तोंड तसंच दिसत असावं.

दुपारी ती बाहेर आली. पंखा फिरला नव्हता. का नाही, असं मुलाखत घेणाऱ्यांनी विचारल्यावर तिने सगळं सांगून टाकलं, तुळशीच्या पानासकट. एकजण हसला म्हणे. त्यांच्यातल्या एक वयस्क बाई मात्र हसल्या नाहीत. पाण्यात कुठले क्षार असतील, ते मोजणार कसे, आत जाऊ नयेत म्हणून काय करणार, हेच तासभर विचारत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. तिला घेतलं होतं. पण हायड्रोजन काढायच्या विभागात नाही, त्याआधी पाणी शुद्ध करायच्या विभागात. तेही गुजरातच्या किनाऱ्यावर, जिथे समुद्राचं खारं पाणी आधी गोडं करावं लागतं.

"गॅस बनवायला गेले होते, बाबा. पानी छानने बिठा दिया." हसली, पण डोळे हसले नाहीत. "जाऊ ना?"

मला नको म्हणायचं होतं. देवासला पंपाची दुकानं आहेत, कारखाने आहेत, आई आहे. पण दमलेल्या माणसाला वाद झेपत नाही, आणि खरं सांगायचं तर वाद माझ्या बाजूने नव्हताच.

"जा," म्हटलं.

वहिनींचा फोन आला. "भाऊजी, चाललं का यंत्र?"

"नोकरी लागली, वहिनी."

त्यांनी ते 'हो' असंच ऐकलं, आणि मी फोन ठेवला.

जायच्या दिवशी बॅग काही केल्या बंद होईना. बायकोने लाडूंचा डबा, पापड, दोन चादरी, सगळं कोंबलं होतं.

"तुम्ही बसा जरा," ती म्हणाली. यावेळी बॅगेवर.

मी बसलो. मुलीने गुडघ्यावर बसून चेन सर्रकन ओढली.

"हो गया, बाबा. उठा आता."

"थांब," मी म्हटलं, "उघडेल परत," आणि तसाच बसून राहिलो.