शिसवीचा डोला

शिसव म्हणजे लई माजोरडं लाकूड. सरळ खिळा ठोकायला जा, खिळाच वाकतो. आधी गिरमिटानं भोक पाडावं लागतं. करवतीची धार बघता बघता जाते आणि भुसा नाकात गेला की दिवसभर शिंका. सागवानी फळी तुम्ही बगलेत मारून न्याल, त्याच मापाच्या शिसवी फळीला दुसरा माणूस हाक मारून बोलवावा लागतो. पण एकदा सांधा बसला की बसला. वाळवी त्याला तोंड लावत नाही, आणि नुसता तेलाचा हात फिरवला तरी आतला जांभळट काळा रंग वर येतो. ज्या वस्तूनं झीज सोसायची, ती शिसवीची करावी. रंध्याचं खोड, पटाशीची मूठ, ठोकायची मोगरी. हे मला अब्बांनी शिकवलं. भाईजानलाही शिकवलं होतं, पण ते विसरले. वयानं मोठे आहेत म्हणून 'विसरले' म्हणतो, नाहीतर शब्द दुसरा होता.

सोलापुरात आमचं सुतारकामाचं पत्र्याचं शेड आहे. तिथं मागच्या भिंतीला, सावलीत, विटांवर शिसवीचा एक ओंडका पडलेला असायचा. दोन्ही टोकांना अब्बांनी मेण फासलेलं. हे लाकूड घाईनं वाळवलं की टोकापासून चिरत जातं, आणि आमच्या गावचं ऊन तर माणसालाही चिरतं. म्हणून त्याला सावलीत वर्षानुवर्षं ठेवायचं आणि मधूनमधून फिरवायचं. अम्मी चिडवायची, "पोरं तापानं फणफणली तेव्हा कधी कूस बदलून दिली नाही, ह्याची बरी बदलता!" अब्बा हसायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "इसके रंदे तेरे." माझे रंधे बाभळीचे होते, तळ झिजून वाकडे झालेले. शिसवीचे रंधे मिळाले की ते माझ्या नातवापर्यंत पुरतील, असं अब्बांचं म्हणणं.

भाईजाननी शेड कधीच सोडलं होतं. त्यांची फर्निचरची शोरूम आहे. भुसा दाबून केलेले बोर्ड, वर शिसवी रंगाचा सनमायका, आणि गिऱ्हाइकाला 'रोजवुड फिनिश' म्हणून सांगायचं. धंदा जोरात. मग माणसाला दानशूर व्हावंसं वाटतं.

आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत मयत न्यायचा एक जुना डोला होता. पातळ सागवानी पट्ट्यांचा, वेताचा, अब्बांनीच तरुणपणी केलेला. एका शुक्रवारी नमाज झाल्यावर भाईजान सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आमचे अब्बा आपली शिसव नव्या डोल्यासाठी देत आहेत." अब्बा पहिल्या ओळीत बसलेले. त्यांना हे तेव्हाच कळलं. लोक 'माशाअल्लाह, माशाअल्लाह' करत हात धरायला आले. मशिदीच्या नावानं सगळ्यांदेखत शब्द गेला, आता नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? माझ्या बापाला असं कोंडीत पकडलं, त्यांच्याच पोरानं.

मी तेव्हा कुर्डुवाडीला एका घराच्या खिडक्या-दारांचं काम घेतलं होतं. परत आलो तर विटा मोकळ्या. शोरूमच्या कारागिरांनी डोला करूनही टाकला होता, सोफ्याला लावतात तसले जाडजूड पाय, कडेला नक्षी, आणि पितळी पट्टीवर भाईजानचं नाव. अब्बांनी मला सोबत घेतलं, मशिदीत जाऊन डोल्याचा एक कोपरा उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

"चार खांदों पे जानेवाली चीज है, हल्की होना," ते म्हणाले. मग बाहेर येताना माझा दंड धरला. "मेरेकू इसपे नक्को ले जाना. पुराने डोलेपेच ले जाना."

मी व्हय म्हणालो.

जुना डोला भाईजाननी माढ्याकडच्या एका गावात मशिदीला देऊन टाकला होता. तेही मला उशिरा कळलं.

अब्बा गेले मे महिन्यात, सकाळी. जुना डोला आणायला मी टेम्पोवाल्याला फोन लावला, त्या गावात फोन लावला. ते लोक डोला द्यायला तयार होते. भाईजाननी माझ्या हातातला फोन घेऊन बंद केला. "येड लागलंय का? दुपारच्या नमाजनंतर माती आहे. आणि घरचा शिसवी डोला असताना बापाला खेड्यातल्या जुन्या खाटेवर नेलं, तर लोक काय म्हणतील?" मी अब्बांनी काय सांगितलं होतं ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं बोलणं." अम्मी आतून ऐकत होती. मयतीपुढं भांडायचं कसं म्हणून मी गिळलं.

आमच्यात डोला घरून उचलला की कब्रस्तानापर्यंत जमिनीला लावायचा नाही, ही रीत. प्रत्येकानं पुढं होऊन चार पावलं खांदा द्यायचा आणि मागच्याला द्यायचा. पण हल्ली निम्मे लोक मोटारसायकलवरून परस्पर कब्रस्तानात जाऊन थांबतात. खांदे मोजकेच, ऊन डोक्यावर, डांबर चपलेला चिकटतंय. अब्बा तर शेवटी काडी झाले होते, त्यांचं ओझं कसलं? ओझं होतं ते शिसवीचं. माझ्या खांद्यात कडेची नक्षी रुतत होती. पुढचा माणूस अडखळला, मागून कुणीतरी "अरे, संभाळ, संभाळ!" ओरडलं, आणि पेट्रोल पंपासमोर आम्ही अब्बांना रस्त्यावर खाली ठेवलं.

भाईजानच्या कमरेला पट्टा होता, म्हणून ते खांदा देत नव्हते, बाजूनं चालत होते. दम खात उभ्या राहिलेल्या लोकांना ते सांगू लागले, "असली शिसव आहे ना. वजन तर असणारच."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो.

पुढं लोक कुरकुरायला लागले आणि मशिदीनं ॲल्युमिनियमचा डोला आणला. शिसवीचा आता मागच्या खोलीत, चटयांच्या ढिगाआड उभा करून ठेवलाय. मी एकदा विचारलं, पडूनच आहे तर लाकूड परत मिळेल का? मौलाना भला माणूस. म्हणाले, "बेटा, एकदा मशिदीला दिलेलं माघारी जात नाही." बरोबरच आहे त्यांचं.

शुक्रवारी कधी आत डोकावतो आणि कडेवरून हात फिरवतो. कुठं चीर नाही, वाळवी नाही. अब्बांनी वाळवलेलं लाकूड, त्याला काय होतंय! माझे रंधे अजून बाभळीचेच आहेत.