आडाच्या काठावरची खूण

पांगरेकरबाई आमच्या मलकपेठच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या आड बघायला. माणसांची ओळख नंतर झाली. दारात चपला काढल्या, आडाच्या काठावर ओणवं होऊन आत पाहिलं आणि मला विचारलं, पाणी किती खोल आहे? मी म्हटलं, सहा हात असेल. त्यावर त्यांनी विचारलं, "कुणाचे हात?" ओसरीवरून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "लोकं आडाकडे पाणी मागायला येतात. ही बाई त्याचं माप घ्यायला आली."

बाई म्हणजे आपल्या सर्वांच्या डॉ. नलिनी पांगरेकर, भूगोलाच्या प्राध्यापक. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. मला रोज वही लिहायची सवय आहे, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला आपल्या कामात घेतलं. शहरातल्या जुन्या घरांचे आड त्या मोजत होत्या. पाणी कोणत्या महिन्यात किती उतरतं, पावसानंतर किती चढतं, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवायचं आणि त्यावरून जमिनीच्या पोटात काय चाललं आहे ते समजून घ्यायचं. सगळीकडे दर आठवड्याला त्या एकट्या पुरणार कशा? म्हणून घराघरांतून माझ्यासारखं कुणीतरी त्यांनी शोधून काढलं होतं. आमच्या घरी सोमवार ठरला.

मोजायची रीत त्यांनी मला अंगणात उभं राहून शिकवली. पोलादी टेपच्या खालच्या टोकाला दोन-तीन फूट खडू घासायचा. टेप आत सोडायचा, टोक पाण्यात बुडालं की वरच्या खुणेशी किती आकडा आला तो बघायचा. मग टेप ओढून घ्यायचा. खडू जिथपर्यंत भिजून काळपट झाला, तेवढी लांबी त्या आकड्यातून वजा करायची. हे सगळं सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत. दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. लिहायचं पेन्सिलीनं आणि आडाजवळ उभं राहूनच, स्वयंपाकघरात येऊन आठवून लिहायचं नाही. खाडाखोड नाही, चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे. वरची खूण म्हणून त्यांनी काठाच्या दगडावर, पूर्वेच्या बाजूला, लाल रंगाचा एक ठिपका दिला. दर वेळी तिथूनच मोजायचं.

मला त्या पहिल्या दिवसापासून "सुमनताई, तुम्ही" असंच म्हणत आल्या. आजतागायत त्यात बदल नाही. एकदा यजमानांच्या ऑपरेशनसाठी मी तीन आठवडे दवाखान्यात होते. परत आल्यावर वही घेऊन ओशाळून बसले, की तीन सोमवार राहिले, अंदाजानं भरू का? बाईंनी पेन्सिल घेतली आणि तिन्ही ओळींवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "घरी आजारपण. नोंद नाही." वर म्हणाल्या, न बघितलेलं लिहिण्यापेक्षा हे लिहिणं चांगलं. त्या तीन आठवड्यांत दोनदा त्या गौलीगुड्याच्या आपल्या घरून बसनं आमच्यासाठी डबा घेऊन आल्या होत्या. आडाचं नावही काढलं नव्हतं.

आता जे सांगायचं ते मला सोपं नाही, पण या लेखात ते नसेल तर लेख लिहायला नको.

आमच्या सासूबाई दर शुक्रवारी आडाला हळदकुंकू वाहत. बाईंनी लाल ठिपका दिला तेव्हापासून कुंकू त्या ठिपक्यावरच लावू लागल्या. जागा आयतीच झाली होती. पुढे एका दिवाळीला मी नारळाची शेंडी आणि राख घेऊन काठ घासून काढला. त्यात बाईंचा रंग निघून गेला. माझ्या लक्षातही आलं नाही, कारण शुक्रवारी तिथं पुन्हा लाल टिळा आलाच. मी सोमवारी त्या टिळ्यापासून मोजत राहिले.

सासूबाईंचे गुडघे तेव्हा धरले होते. आडाला वळसा घालून पूर्वेला जाणं त्यांना होईना. दर शुक्रवारी कुंकू थोडं थोडं दाराच्या बाजूला सरकत होतं. आणि आमच्या आडाचा काठ दाराच्या बाजूला खचलेला. खूण खाली आली की पाणी तेवढंच वर आल्यासारखं दिसतं. नऊ महिने वहीत आमचं पाणी चढत होतं.

एका शुक्रवारी सासूबाई तापानं पडून होत्या, म्हणून कुंकू मी लावलं. आडाला वळसा घालून पूर्वेच्या काठावर, पूजेची दिशा म्हणून. सोमवारी मोजलं तर पाणी एकदम चार बोटं उतरलेलं. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. मग काठाकडे बघितलं आणि सासूबाईंचं कुंकू दर शुक्रवारी कुठे लागत होतं ते ध्यानात आलं.

बाईंनी त्याच सुमाराला एका सरकारी खात्याला अहवाल दिला होता. पाणी मुरवायला वस्तीत खड्डे खणले होते आणि त्यांचा उपयोग झाला की नाही ते बाईंना सांगायचं होतं. आमच्या भागात झाला, असं त्यांनी लिहिलं होतं. माझ्या वहीवरून. त्यावर त्यांचं पुढलं काम मंजूर व्हायचं होतं.

मी दोन सोमवार गप्प बसले. वही पुढे लिहिलीच नाही. एकदा असंही मनात आलं की कुंकू पुन्हा दाराकडे लावावं, आकडा जुळेल, कुणाला कळणार आहे? गुरुवारी दत्ताच्या पोथीपुढे बसले तर ओळ पुढे सरकेना. तशीच उठले आणि वही घेऊन गौलीगुड्याला गेले.

बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. सगळं ऐकून दोन-तीन प्रश्न विचारले. काठ कधी घासला, मोटर बंद होती ना, कुंकू कुठे कुठे लागलं ते आठवतं का. मला आठवत नव्हतं. दर शुक्रवारची जागा कोण लक्षात ठेवणार? त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा थकलेल्या दिसल्या. मग चहा ठेवायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी गवंड्याची पाण्याची नळी घेऊन घरी आल्या आणि काठाची पातळी तपासली. दोन बाजूंत चार इंचांचा फरक निघाला. खूण कधी कुठे होती ते ठाऊक नसल्यामुळे आकडे दुरुस्त करता येणार नव्हते. नऊ महिन्यांच्या प्रत्येक ओळीवर मी एकेक रेघ मारली आणि बाई शेजारी बसून राहिल्या.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या अंथरुणावरूनच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या कुंकवानं सरकारचं पाणी वाढलं म्हणा की."

त्या दिवसांत बाई तेवढ्या एकदाच हसल्या.

अहवाल परत घ्यायला त्या गेल्या तेव्हा मी हट्टानं बरोबर गेले. चूक माझी होती, बोलणी त्यांनी एकट्यानं खावीत हे मला पटेना. साहेब चांगल्या मनाचे होते. त्यांनी कागद मिटून ठेवला आणि म्हणाले, "छोडो मॅडम, चार इंच में क्या होता?"

बाई म्हणाल्या, "साब, पानी चढ़ाच नहीं. चढ़ा बोलके मैं कैसा लिखूँ?"

मोजलं कुणी, असं साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच बाईंनी सांगून टाकलं की खूण त्यांची होती, ती पुसली जाईल अशी त्यांनी ठेवायला नको होती. पुढलं काम दुसऱ्यांकडे गेलं. त्या वर्षी बाईंचे मदतनीस सुटले, जीप सुटली. त्या बसनं आणि पायी फिरून आड मोजत राहिल्या. मला त्यांनी त्या गोष्टीची आठवण कधी करून दिली नाही. मीच विसरले नाही.

त्यानंतर काठावर छिन्नीनं खाच पाडायचं ठरलं, तर सासूबाई अडून बसल्या. आडावर घाव घालायचा नाही, नक्को म्हणजे नक्को. गवंडी दारात उभा. बाईंनी त्याला परत पाठवलं आणि लागोपाठ तीन शुक्रवार येऊन सासूबाईंजवळ बसल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, मी आत स्वयंपाकात होते. चौथ्या शुक्रवारी सासूबाईंनीच मला नारळ आणायला सांगितलं. आडाला नैवेद्य झाला, मग छिन्नी लागली. अभ्यासासाठी कुणाच्या देवाला बाजूला सारायचं नाही, ही बाईंची रीत मी तिथं पाहिली. वेळ लागला तर लागू दे.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. मीही काही तरुण नाही. टेप ओढताना खांदा भरून येतो, वाकल्यावर चटकन उभं राहता येत नाही. बाईंना तर गौलीगुड्याहून इथवर यायला वाटेत दोनदा बसून दम घ्यावा लागतो. तरी महिन्यातून एकदा येतात. आल्यावर आम्ही दोघी फारसं बोलत नाही. बोलायचं होतं ते बरंचसं बोलून झालं आहे.

या ग्रंथात आमच्या आडाच्या नोंदींचा तक्ता छापायचा म्हणून बाईंचे विद्यार्थी वही न्यायला आले होते. ते नऊ महिने मोकळे दिसतात, संगणकावर मागचं-पुढचं बघून अंदाजानं भरता येतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाई तेव्हा इथंच होत्या. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, सुमनताईंना विचारा. मी नाही म्हटलं. त्या जागी काय छापायचं तेही मी लिहून दिलं आहे: "खूण सरकली. नोंद धरू नये." खाली माझं नाव आहे. बाईंनी आपलं नाव घालायला सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही. इतक्या वर्षांत त्यांचं न ऐकलेलं तेवढं एकच.

दत्तमहाराजांनी बाईंना निरोगी दीर्घ आयुष्य द्यावं. पाय थकले तर थकू देत, मी वही घेऊन गौलीगुड्याला जाईन. नजर मात्र त्यांची शाबूत राहावी. चुकलं तर ज्यांच्याकडे जाऊन सांगता येतं अशी माणसं मला आता फार उरलेली नाहीत.