उलट्या पायडलचा ब्रेक

वलगाव रोडवरचा सायकल दुरुस्तीवाला गिऱ्हाइकाशी क्वचितच बोलतो. सायकलशी मात्र सारखी कुजबुज. नातीला कॉलेजला जायला म्हणून माझी जुनी सायकल त्याच्याकडे नेली. पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो, तसली. त्याने मागच्या चाकाचा हब उघडला, छर्रे धुतले आणि थबकला.

"बाई, ब्रेकच्या पट्ट्या तं कोऱ्याच हायेत. थांबत कशा होत्या तुमी?"

"उडी मारून."

त्यालाच मी तेव्हा ऐट समजायचे. गुडघ्यांचं मत वेगळं होतं.

तो हसला नाही. ग्रीस भरून हब जोडला आणि सत्तरीतला तो माणूस स्वतःच सायकलवर बसून समोरच्या पुलाच्या उतारावरून सुटला. मध्येच करकचून थांबला. धापा टाकत परत आला.

"पडाचंच असन तं पहिले मी पडीन, म्हटलं. आता पोरीले द्या. तुमी नोका बसू."