मुलींच्या संडासाची किल्ली

दीपाली पालीच्या बाजारातून चार वर्षं एकाच कंपनीचा साबण आणायची. त्या कंपनीने गावच्या शाळेत मुलींसाठी संडास बांधून दिला होता. नवरा, ओमकार, स्वस्तातली वडी उचलायचा. "फेस आला की झालं. कंपनी काय तुझी मावशी?" दीपाली म्हणायची, "तुम्हाला कधी आडोसा शोधावा लागला नाही, म्हणून बोलता."

यंदा लेक ईश्वरी पाचवीला त्या शाळेत गेली. तिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. खोदून विचारल्यावर पोरगी म्हणाली, "संडासाला कुलूप असतं. कंपनीची माणसं फोटो काढायला आली की उघडतात. एरवी उघडा ठेवला तर घाण होतो म्हणे."

भाताच्या लावणीने दीपालीची कंबर मोडली होती, तरी ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. हेडमास्तर म्हणाले, "धुवायला माणूस नाही हो."

"किल्ली द्या. मी धुते."

त्या संध्याकाळी बाजारात तिने स्वस्तातल्या वड्या घेतल्या. ओमकार हसला. "आलीस ना वळणावर?"

"वळण कसलं," ती पिशवी उचलत म्हणाली. "संडास आता मीच राखणार. मग साबण कुणाचा का असेना."