बाबूजींच्या विमानाचे फ्लॅप

उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर आडवा झालो की अजूनही मला ते विमान दिसतं. नऊ फूट पंखांचं, पिवळं, आणि इतकं सावकाश येणारं की बघता बघता डोळा लागावा. खरं तर सावकाश काही मला आवडत नाही. माझा पिंडच घाईचा. समोरचा माणूस जरा रेंगाळला की माझे हात शिवशिवतात आणि मी त्याच्या हातातलं काम काढून घेतो. ऑफिसातल्या लोकांनी हे बरोबर हेरलंय. ते माझ्यासमोर मुद्दाम रेंगाळतात.

विमान माझ्या सासऱ्यांचं. बाबूजी उमरेडकडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. रिटायर झाल्यावर नागपुरात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले आणि रिमोटवर उडणारी विमानं बनवू लागले. विकतचा संच आणून नव्हे. कागदावर आखायचं, हलकं लाकूड कापायचं, वरून कापड ताणायचं, सगळं घरचं. रविवारी सकाळी आम्ही ती एका रिकाम्या ले-आउटमध्ये उडवायचो. प्लॉट पडलेले, दगड रोवलेले, घर एकही नाही. मधला मुरमाचा रस्ता ही आमची धावपट्टी.

मग त्यांचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. उडवणं जमायचं, वर आभाळ भरपूर असतं. उतरवताना मात्र बोटं दगा द्यायची. दोन विमानं मुरमावर आपटून मोडली. दुसऱ्याचे तुकडे गोळा करताना ते म्हणाले, "आणखी एक बनवतो. तेही माह्या हातानं उतरलं नाही, तर बंद."

"मी उतरवून देत जाईन ना, बाबूजी."

"उतरवता येत नाही, तर उडवाचं काहून?"

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांजवळ आता हेच एक उरलंय. तुम्ही लक्ष घाला."

उपाय त्यांनीच काढला. फ्लॅप. म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला, धडाजवळ, बिजागरीवर बसवलेली एक लांब पट्टी. ती खाली झुकली की पंखाची उचल वाढते आणि विमान कमी वेगातही तरंगत राहतं. "ते हळू आलं का माह्या हाताचं थरथरणं त्याले झेपते," बाबूजी म्हणाले. दोन्ही फ्लॅपना एकेक छोटी मोटर. पट्टी खटकन पडली तर विमानाचं नाक वर उसळतं, म्हणून ती चार सेकंदांत हळूहळू उतरायला हवी. आणि दोन्ही बाजूंनी अगदी सारखी, नाहीतर विमान कुशीवर लोळतं.

त्या मे महिन्यातल्या दुपारी मला अर्धवट झोपेत घालवल्यासारख्या आठवतात. बाबूजींच्या खोलीत पलंगावर पंख आडवा, खिडकीत कूलर, वाळ्याचा ओला वास. बाबूजी बटण दाबायचे. बारीक गुणगुण व्हायची आणि दोन्ही फ्लॅप पापण्यांसारखे मिटत खाली यायचे. परत वर. परत खाली. मला असं तासन् तास बघत बसता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

एके दिवशी डावा फ्लॅप अडकत अडकत येऊ लागला. तो पंख कूलरच्या बाजूला होता. बाबूजी म्हणाले, "जवाईबापू, कूलर बंद करा. लाकूड पाणी पिऊन राहिलं." आता मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करायचा म्हणजे काय गंमत आहे? मी बंद केला, आणि ते चहाला उठल्यावर पुन्हा लावला. वर शहाणपणा असा की डाव्या फ्लॅपला मोटरशी जोडणारी दांडी मीच थोडी लांब केली. कंपास पेटीतला कोनमापक लावून पाहिला. दोन्ही सारखे. मी खूश.

रविवारी चाचणी मी घेतली. उंचावर नेऊन फ्लॅप सोडले आणि विमान उजवीकडे लोळू लागलं. कूलरच्या ओलाव्यानं फुगलेलं लाकूड कोरड्या उन्हात पुन्हा आक्रसलं होतं, डावा फ्लॅप मोकळा होऊन जास्तच खाली गेला होता. मी फ्लॅप वर घेतले, नशिबानं विमान सरळ झालं आणि फ्लॅपशिवायच कसंबसं उतरलं. बाबूजींनी पंख हातात घेतला, दांडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. जावयाला कोण बोलणार? दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला फार लाज वाटली.

पुढचे दोन आठवडे कूलर बंद. दोघं बनियानवर बसून पॉलिश पेपरनं कडा घासत होतो. बायको म्हणायची, बनियान पिळली तर बादली भरेल.

मग ती सकाळ. हवा अगदी थांबलेली, ले-आउटवर धुरकट पिवळा उजेड. विमान दोन चकरा मारून वळलं आणि बाबूजींनी फ्लॅप सोडले. आवाज जवळजवळ नाहीसा झाला. ते हवेत टेकून बसल्यासारखं येऊ लागलं. एकेक दगड, एकेक प्लॉट मागे टाकत. हातातल्या रिमोट ट्रान्समीटरवरची बाबूजींची बोटं थरथरत होती. पंख किंचित डावीकडे कलला, सावरला, उजवीकडे कलला. माझा हात आपोआप पुढे गेला.

त्यांनी नजर वर ठेवूनच म्हटलं, "हात मागं घ्या, जवाईबापू. मले अजून टाइम हाय."

मी दोन्ही हात खिशात घातले. आयुष्यात तेवढं कठीण काम मी दुसरं केलेलं नाही. विमान मुरमावर टेकलं, एकदा उसळलं, पुन्हा टेकलं आणि धूळ उडवत आमच्यापासून वीस पावलांवर थांबलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाबूजी अजून ट्रान्समीटरवर वाकलेले होते. बंद करायचं बटण अगदी बारीक असतं, त्यांचं बोट त्याच्या आजूबाजूला फिरत होतं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी खिशातून हात काढला नाही. शेवटी त्यांनीच ट्रान्समीटर माझ्यापुढे धरला.

"हे घ्या," ते म्हणाले. "हे तेवढं तुमी करा."